हातभर अंतर

पहिल्या ग्रीनवर हंबीरचा चेंडू खळग्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला, आणि कोणीच काही बोलले नाही.

हंबीरने सवयीप्रमाणे पटरची काठी काखेत धरली आणि चेंडू उचलण्यासाठी तो वाकला. वाकता वाकता त्याने समोर पाहिले. त्याचे प्रतिस्पर्धी लीहीसाहेब टोपी हातात घेऊन दूरच्या डोंगराकडे तोंड करून उभे होते.

"काय साहेब," हंबीर हसून म्हणाला, "एवढाही खेळायचा?"

लीहींनी मान वळवली नाही.

माझे धाकटे दीर बापूसाहेब माझ्या मागेच उभे होते. ते पुटपुटले, "वहिनीसाहेब, हा कसला खेळ? हा चेंडू माझी आजीसुद्धा छत्रीच्या टोकानं ढकलील."

"भाऊजी, आज तुम्ही फक्त पाहायला आला आहात," मी म्हटले.

हंबीर सरळ झाला. पटर चेंडूमागे टेकवला आणि एवढ्याशा अंतरासाठी त्याने श्वास रोखून धरला. ते मी पाहिले. चेंडू खळग्यात पडला. जमलेल्या सभासदांपैकी दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि आपण कशासाठी टाळ्या वाजवतो आहोत हे लक्षात येऊन त्या मध्येच थांबवल्या.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना इतके सांगितले म्हणजे पुरे. गोल्फच्या मैदानाचे अठरा टप्पे, म्हणजे होल असतात; प्रत्येकाच्या शेवटी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, म्हणजे ग्रीन असतो आणि त्यातल्या खळग्यात चेंडू पडावा लागतो. परंतु दोघे समोरासमोर खेळत असता एकाचा चेंडू खळग्याच्या अगदी जवळ गेला, तर प्रतिस्पर्धी 'दिला' म्हणतो. याचा अर्थ, हा तू घातलास असे मी धरतो, उचल. खेळातले ते सौजन्य आहे. वाघजाई पठारावरच्या आमच्या क्लबात त्या सौजन्याचा रिवाज झाला होता. मैदानाची जमीन माझ्या सासऱ्यांनी दिलेली, क्लबाचे अध्यक्षपद आमच्या सरनोबतांच्या घरातच राहिलेले. माझा मुलगा हंबीर लहानपणी पहिल्यांदा काठी घेऊन उभा राहिला तेव्हा लोकांनी कौतुकाने त्याला वीतभर अंतर दिले. तो वाढला तसे ते हातभर झाले. पुढे पुढे तर त्याचा चेंडू ग्रीनवर घरंगळत असतानाच 'दिला, दिला, उचला बाळासाहेब' असा पुकारा होई. माझ्या पतीला त्यात मान वाटे. मला त्यात मान किंवा अपमान काहीच वाटत नसे; माझे तिकडे लक्षच नव्हते. बाहेरच्या स्पर्धाही तो खेळला त्या अशाच, समोरासमोरच्या. राज्याचे हौशी खेळाडूंचे अजिंक्यपद त्याने तीनदा आणले, आणि तिथेही अजिंक्यवीराला लोक हातभर अंतर आनंदाने देत.

ही गोष्ट घडली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. हंबीरविषयी नंतर वर्तमानपत्रांनी काय काय लिहिले ते कोणाला ठाऊक असेल, कोणाला नसेल. मी त्याबद्दल लिहीत नाही. मी त्या रविवाराबद्दल लिहिते आहे.

त्या वर्षीच्या दसऱ्याला हंबीरने माझ्या हाती सोने दिले, पाया पडला आणि उभा राहत म्हणाला, "आईसाहेब, मी ठरवलंय. मी व्यावसायिक होणार. डिसेंबरात कलकत्त्याची स्पर्धा आणि तिथून पुढं पूर्वेकडच्या देशांत."

"आणि इथलं?"

"इथं काका आहेत. तुम्ही आहात."

"हौशी म्हणून परत येता येणार नाही, हे ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

आमच्या घरातला मुलगा खेळ विकून पोट भरणार हे मला रुचले नव्हते, आणि तसे मी सर्वांना सांगितले. लोकांना ते पटण्याजोगे कारण होते. खरे कारण मी कोणाला सांगितले नाही. पती गेल्यानंतर त्या घरात माझे म्हणावे असे ते एकच माणूस उरले होते, आणि मला ते तिथेच हवे होते.

नाही म्हणणे मला सोपे होते. माझे 'नाही' त्या पठारावर आजवर कोणी ओलांडले नव्हते. परंतु बापाच्या वळणाचा मुलगा. तो राहिला असता आणि जन्मभर माझ्याशी अदबीने वागला असता. ती अदब मी माझ्या सासऱ्यांना दिलेली होती. ती काय असते ते मला माहीत होते. म्हणून मी लीहीसाहेबांना चहाला बोलावले.

फिनबार लीही हा आयरिश गृहस्थ चार वर्षांपूर्वी आमच्या क्लबात शिकवायला आला होता. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, चेहरा वाऱ्याने रापलेला. मराठी तो माळ्यांकडून आणि काठ्या वाहणाऱ्या कॅडींकडून शिकला. त्या मराठीत 'तुम्ही' नव्हते. "आईसाहेब, तू बस," असे तो मला भर सभेत म्हणे आणि सभा खाली पाहून हसे. दुसऱ्या कोणाचे मी ते ऐकून घेतले नसते. त्याची एक सवय मात्र चमत्कारिक होती. लांबचे फटके तो असे दाखवी की पाहत राहावे. ग्रीनवर आला की काठी कॅडीच्या हाती देई आणि बाजूला होई. चार वर्षांत त्याला चेंडू खळग्यात घालताना कोणी पाहिले नव्हते. साहेबाची लहर, असे लोक म्हणत.

महत्त्वाचे बोलणे आम्ही इंग्रजीत करत असू. ते मी माझ्या भाषेत देते.

"त्याच्यात ते आहे का?" मी विचारले.

"लांबच्या खेळात तो माझ्या तरुणपणापेक्षा सरस आहे."

"आणि जवळच्या?"

"ते मला माहीत नाही, बाईसाहेब. त्यालाही माहीत नाही. इथं ते कोणी कधी पाहिलेलंच नाही."

मी कपाळाला आठी घातली असावी. त्याने कप दोन्ही तळहातांत धरला.

"मी तुम्हाला माझं सांगतो," तो म्हणाला. "माझे वडील आमच्या गावच्या मैदानाचं गवत कापायचे. समुद्राच्या कडेचं मैदान. त्या गवतावर मी चालायला शिकलो. विसाव्या वर्षी जिल्हा जिंकला, बाविसाव्या वर्षी देशाचं हौशी अजिंक्यपद. देशाकडून दोनदा खेळलो. रौप्यचषक घेऊन गावी उतरलो तेव्हा स्टेशनवर बँड होता, पाद्रीसाहेब होते, शाळेला सुट्टी होती. आम्हा हौशींत बक्षीस म्हणून पैसा घ्यायचा नाही, पण गाव दुसरं खूप काही देतं. दुकानदार पैसे घेत नाही. मैदानावर लोक म्हणतात, राहू दे फिनबार, तो गेलाच, उचल."

"मग?"

"सव्विसाव्या वर्षी व्यावसायिक झालो. तिथं चार दिवस प्रत्येक फटका मोजतात. चेंडू खळग्यात पडेपर्यंत कोणी कोणाला काही देत नाही. पहिली काही वर्षं चांगली गेली. इंग्लंडात दोन स्पर्धा जिंकलो, एकदा फ्रान्समध्ये. माझं नाव मोठ्यांच्या शेजारी छापून यायला लागलं. मग एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या संध्याकाळी शेवटच्या ग्रीनवर मी उभा राहिलो. चेंडू एवढ्या अंतरावर." त्याने मेजावर हात पसरून दाखवले. "तो घातला की जिंकलो. आणि मला एकदम कळलं की कोणी काही म्हणण्याची मी वाट पाहतोय. हजारो माणसं होती. कोणी काही म्हणालं नाही. तेव्हा तो खळगा मला पहिल्यांदा दिसला."

"चुकलात?"

"चुकलो. त्याचं काही नाही, सगळेच चुकतात. पण दुसऱ्या आठवड्यात तो परत दिसला. मग हाताला झटका बसायला लागला, तापल्या तव्याला लागल्यासारखा. लांबून मी कोणालाही हरवीन. हातभरावरून नाही. अशी नऊ वर्षं काढली. लोक बघायला यायचे, मी कसा चुकतो ते. मग एक दिवस काठ्या बांधल्या."

बाहेर माळी पाने जाळत होता. तो धूर व्हरांड्यात येत होता. मी उठून खिडकी लावली आणि बसण्याआधीच म्हणाले, "तुम्ही त्याच्याशी खेळा."

त्याने कप खाली ठेवला.

"इथं दुसरा कोणी त्याला 'दिला' म्हटल्यावाचून राहणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही राहाल. अठरा होल, सगळे फटके मोजायचे, प्रत्येक चेंडू खळग्यात पडला पाहिजे. तुमच्यापेक्षा कमी फटक्यांत संपवलं तर तो जाईल. नाही तर राहील. तसं मी त्याला सांगेन."

"बाईसाहेब, तुम्ही काय मागता आहात ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"मी विचार केल्यावाचून मागत नाही."

"ती भीती काही माणसांना कधीच भेटत नाही. त्याला भेटणारही नाही कदाचित. पण भेट घडवून आणली आणि त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, की मग तीही त्याला ओळखायला लागते. तो जिंकला तरी. आज जो हंबीर आहे तो त्या दुपारनंतर तुम्हाला दिसणार नाही."

"इथं नाही भेटली तर तिथं भेटेल. परक्यांत."

"हो. तेही खरं आहे."

मग त्याने आपल्या अटी सांगितल्या. पंच मी स्वतः असावे. पहिल्या होलपासून शेवटच्या होलपर्यंत तो एक शब्द बोलणार नाही. न चांगला, न वाईट. "आणि माझाही प्रत्येक चेंडू खळग्यात जाईल," तो म्हणाला. ही शेवटची अट त्याने अशी सांगितली की जणू ती क्षुल्लक होती. मीही ती तशीच ऐकली.

हंबीरला मी अट सांगितली तेव्हा तो मोकळेपणाने हसला. "लीहीसाहेबांशी? आईसाहेब, ते ग्रीनवर काठीसुद्धा धरत नाहीत. तुम्ही मला जायला सांगताय की राहायला?"

"मी तुला खेळायला सांगते आहे."

असा तो रविवार उजाडला.

सकाळी वारा होता, तो तिसऱ्या होलपर्यंत पडला. पठारावर वारा पडला की फार लांबचे ऐकू येते; खालच्या वाडीतल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा, कोणाचे तरी खोकणे. क्लबातले सारे सभासद आले होते. एरवी अशा वेळी चेष्टा चालते, पैजा लागतात. त्या दिवशी माणसे हळू आवाजात बोलू लागली आणि मग बोलेनाशी झाली.

लांबच्या खेळात दोघे तुल्यबळ होते. हंबीरचा फटका अधिक दूर जाई, लीहींचा अधिक नेमका पडे. परंतु मी ते पाहत नव्हते. मी ग्रीनवर पाहत होते. लीहीसाहेब ग्रीनवर पाऊल ठेवताच त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदले. चेंडूजवळ ते थांबतच नसत; चालत्या पावली, खळग्याकडे न पाहता, काठी लावून मोकळे होत. पहिले काही चेंडू तसे गेले.

"साहेबाला ताप आहे काय?" बापूसाहेबांनी डॉक्टर कर्णिकांना विचारले. "मानेवर घाम बघा."

"ताप नाही," डॉक्टर म्हणाले.

सातवा होल वाघजाईच्या देवळाशेजारी आहे. तिथे हंबीरचा चेंडू हातभर अंतरावर राहिला. त्याने तो घातला. परंतु घातल्यावर त्याने आपला उजवा तळवा उलटा करून पाहिला, काही लागले आहे की काय अशा नजरेने. नवव्या होलवर पुन्हा पाहिला. दहाव्यावर तो चेंडूमागे उभा राहिला, सरला, पुन्हा उभा राहिला. आजवर त्याला कधी दोनदा उभे राहावे लागले नव्हते.

बाराव्यावर तो चुकला. अंतर एवढेसे होते की एका सभासदाला हसू फुटले आणि त्याने ते खोकल्यात बुडवले. हंबीर खाली पाहत राहिला. कोणी खळगा सरकवला असावा अशा तऱ्हेने त्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग चेंडू आत ढकलून तो लीहींच्या शेजारी आला.

"साहेब, काहीतरी बोला ना," तो म्हणाला. "शिव्या द्या हवं तर."

लीहींनी त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात इतकी कळकळ होती की मी नजर काढून घेतली. परंतु ते बोलले नाहीत.

त्यानंतरचे होल मला आवडत नाहीत. आजही ती वाट चालताना मी तिथून लवकर निघते. हंबीर ग्रीनकडे जाताना पावले आखडू लागला. चेंडू खळग्याजवळ थांबू नये, एक तर आत जावा नाही तर दूर राहावा, अशा बेताने तो खेळू लागला, आणि त्यामुळे तो नेमका हातभरावर येऊन राही. प्रत्येक वेळी लोकांच्या ओठांवर तो शब्द येई. मला तो त्यांच्या गळ्यांत दिसत असे. आणि प्रत्येक वेळी, खेळण्यापूर्वी, हंबीर मान किंचित वर करी. फार थोडी, टोपीची कड हलेल इतकीच. तो कोणाची तरी वाट पाहत होता.

लीहींचेही काही ठीक चालले नव्हते. चौदाव्यावर त्यांचा हात उडाला आणि चेंडू खळग्याला वळसा घालून पलीकडे गेला. सोळाव्यावर तसेच झाले. अठराव्या होलवर दोघे आले तेव्हा फटके बरोबरीत होते.

आकाश भरून आले नव्हते, तरी उजेड पिवळा पडला होता. घारी फार खाली उतरल्या होत्या. शेवटच्या ग्रीनभोवती कडे करून सगळे उभे राहिले. स्वयंपाकघरातले आचारीसुद्धा हात पुसत बाहेर आले.

दोघेही दोन फटक्यांत ग्रीनवर आले आणि तिसऱ्या फटक्यात दोघांचेही चेंडू खळग्याजवळ गेले. लीहींचा किंचित लांब होता, म्हणून आधी त्यांची पाळी.

या वेळी ते चालत्या पावली खेळले नाहीत. ते चेंडूमागे नीट उभे राहिले. टोपी काढून त्यांनी गवतावर ठेवली. मग त्यांनी खळग्याकडे पाहिले. मला वाटते, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. हाताला झटका बसला. चेंडू खळग्याच्या उजवीकडून तितकाच पुढे गेला. ते पलीकडे गेले, पुन्हा तसेच नीट उभे राहिले, पुन्हा खळग्याकडे पाहिले. पुन्हा झटका. कोणीतरी "अरेरे" म्हटले. एक तरुण सभासद हसला. त्याच्याकडे मी पाहिल्यावर तो थांबला.

तिसऱ्यांदा चेंडू आत गेला. लीहींनी तो खळग्यातून काढला, टोपी उचलली आणि ते ग्रीनच्या कडेला जाऊन ताठ उभे राहिले. त्यांच्या शर्टाची पाठ भिजून काळी झाली होती. साहेबाने मुद्दाम सोडले, बाळासाहेबांना जिंकवायला, असे नंतर क्लबात बरेच दिवस बोलले गेले. तो घाम खोटा काढता येत नाही. लीहींनी गुपित म्हणून चार वर्षे जपलेली गोष्ट पन्नास माणसांसमोर उघडी करून ठेवली होती, आणि चेंडू आत जाईपर्यंत ते तिथून हलले नव्हते. ते सारे त्यांनी एका माणसाला दाखवण्यासाठी केले होते. तो माणूस पाहत होता की नाही, ते मला कळत नव्हते.

आता हिशेब सोपा होता. हंबीरचा चेंडू हातभर अंतरावर. तो घातला की सामना त्याचा; एकदा चुकला तरी त्याचाच.

तो पुढे आला. चेंडूमागे उभा राहिला, सरला. पुन्हा उभा राहिला. टोपीची कड हलली.

"दिला," बापूसाहेब म्हणाले. "दिला, उचला बाळासाहेब. झालं ते पुष्कळ झालं."

हंबीरने वाकून चेंडू उचलला आणि खिशात टाकला.

सुटल्यासारख्या टाळ्या वाजल्या. बापूसाहेबांच्या 'दिला'ला काही अर्थ नव्हता. ते खेळतच नव्हते, आणि सारे फटके मोजायचे अशा सामन्यात तो शब्द मुळात नसतोच. परंतु ज्यांनी जन्मभर त्याला तो शब्द दिला होता त्यांच्या ते ध्यानातही आले नाही. लीहींच्या ध्यानात आले. त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. त्यांचा शब्द त्यांना बांधून होता. ते माझ्याकडे पाहू लागले.

नियम मला ठाऊक होते. चेंडू जागेवर परत ठेवला तर दंडाचा एक फटका, आणि पुढे खेळायचे. न ठेवता त्याने शेवटच्या ग्रीनबाहेर पाऊल टाकले की त्याचा डाव बाद.

हंबीर माझ्या दिशेने चालत येत होता. ग्रीनच्या कडेपर्यंत दहाबारा पावले असतील.

मला काहीच करायचे नव्हते. मी गप्प राहायचे होते. डाव बाद झाला असता, आणि तोही किती सन्मानाने. काकांच्या तोंडून सवयीने शब्द गेला, मुलाने सवयीने उचलला. हळहळ झाली असती, हसणे झाले असते, पुढे कित्येक वर्षे ती गंमत म्हणून सांगितली गेली असती. त्याच्या हाताला काही झाले नसते. त्याच्या नावाला काही झाले नसते. रात्री तो माझ्या पंगतीला असता, आणि उद्या, आणि पुढच्या दसऱ्याला. मी या सामन्यातून जे मागितले होते ते माझ्याकडे आपल्या पायांनी चालत येत होते.

मी त्याचा चेहरा पाहिला. मी त्याची आई आहे. तो नजर खाली घालून येत होता आणि थोडा घाईने येत होता.

"हंबीरराव," मी म्हणाले, "चेंडू जागेवर ठेवा."

टाळ्या थांबल्या. "वहिनीसाहेब, अहो," बापूसाहेब म्हणू लागले.

"भाऊजी, तुम्ही एक शब्द जास्त बोलला आहात. दंडाचा एक फटका. हंबीरराव, ठेवा."

तो जिथे होता तिथेच थांबला. एक पाऊल टाकले असते तर तो बाहेर असता. त्याने माझ्याकडे पाहिले. तसे त्याने माझ्याकडे त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. मी त्याला जाऊ द्यायला तयार आहे, त्याला वाचवायला तयार नाही, असे त्याला वाटले असेल. किंवा उलट.

तो परत गेला. खिशातून चेंडू काढून ठेवला. दंड धरून आता जिंकायचे तर हा एकच फटका हाती होता. चुकला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे राहणे. त्याने पटर चेंडूमागे टेकवला. पन्नास माणसे पाहत होती, आणि या खेपेला कोणाच्या गळ्यात तो शब्द नव्हता. त्याने मान वर केली नाही.

चेंडू सरळ गेला नाही. तो खळग्याच्या डाव्या ओठाला लागला, काठाकाठाने फिरला, मागच्या बाजूला जाऊन क्षणभर थांबला आणि आत पडला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लीहीसाहेब पुढे आले, त्यांनी हंबीरचा हात हातात घेतला आणि ते काहीतरी बोलले. सकाळपासूनचे त्यांचे ते पहिले बोलणे. काय बोलले ते मला कधी कळले नाही. मी विचारले नाही.

संध्याकाळी हंबीर माझ्या खोलीत आला. तो उभाच राहिला. मी बस म्हटल्यावाचून तो बसत नसे, आणि मी बस म्हटले नाही.

"तुम्ही गप्प बसला असतात तर डाव बाद झाला असता," तो म्हणाला. "मी राहिलो असतो."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"हो."

"मग का बोललात?"

"विसरून उचलला असतास तर गप्प बसले असते."

तो खिडकीकडे गेला. बाहेर दिवे लागत होते. पाठ माझ्याकडे ठेवूनच तो म्हणाला, "काका 'दिला' म्हणाले ते मला ऐकूसुद्धा आलं नव्हतं, आईसाहेब. मी आधीच वाकलो होतो."

"मी पाहिलं."

"परत ठेवल्यावर मला खळगा दिसतच नव्हता. नुसतं गवत. कसा गेला मला माहीत नाही. पुन्हा जाईल का, तेही माहीत नाही."

मी उठून मेजावरचा दिवा लावला.

"तिकडे असं झालं," तो म्हणाला, "तर जागेवर ठेव म्हणायला तुम्ही नसाल."

"नसेन," मी म्हणाले. "उद्या सकाळी सामान भरायला घे."